दोन बोटं दस्ता

डोंबिवली (पूर्व)
२ फेब्रुवारी २०२५

चि. वैशालीस आबाचे आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. तू ओरडतेस, मी सारखं काय, काय विचारतो आणि शेवटी दोघंही दमून ठेवून देतो. लोकांना वाटतं, माझे कान बंदुकीनं गेले. बंदूक वर्षातून एकदा चाचणीला पाच काडतुसं उडवायची. कान गेले ते बँकेच्या दारातल्या जनरेटरनं. सत्तावीस वर्षं गनमन म्हणून माझं स्टूल त्याच्या शेजारी होतं.

बंदूक माझ्या हयातीतच तुझ्या नावावर झाली, परवान्यावर तुझा फोटो लागला, फार बरं वाटलं. तुझ्या भावाला, रत्नदीपलाही बरं वाटलं, पण ते हत्यार घरातून गेलं म्हणून. सोसायटीतले लोक आता जिन्यात त्याच्याशी नीट बोलतात. असो. काल त्याच्याकडूनच कळलं की तू बंदुकीचा दस्ता कापून घेणार आहेस. दस्ता म्हणजे काय दुधी आहे? एकनळी असली, दुकानातली सर्वांत स्वस्त असली, तरी १९९१ साली मी ती पूर्ण घेतली आणि तुला पूर्ण दिली. मागच्या कडेलगत बाजूला तापल्या खिळ्यानं माझं नाव घातलंय. त्यातलं एक सूतही कमी होता कामा नये. जमत नसेल तर पोलिसांत जमा कर, पण कापू नकोस.

तुझ्यावर लोभ आहे, आणि या बाबतीत हट्टही आहे.

आबा


वर्तकनगर, ठाणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना वैशालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पाच दिवसांनी मिळालं. तुम्ही रागानं चालत निघाला असतात तरी आधी पोचला असतात.

आठ वर्षं मी मॉलच्या दारात बायकांच्या पर्सा तपासल्या, त्याही उभ्यानं. पाय सुजले तरी बसायचं नाही, कारण स्टूल फक्त गनमनला. स्वतःची बंदूक असली की एजन्सी गनमन म्हणून घेते, हे तुमच्याच तोंडून ऐकत मी मोठी झाले. म्हणून वागळे इस्टेटमधल्या एजन्सीत गेलेले. तिथला सुपरवायझर राकेश हसला. म्हणाला, बंदूक पप्पांची आहे तर नोकरी भावाला करू द्या, तुमच्यासाठी लेडीज चेकिंग आहे. मी सांगितलं की भावाला बंदुकीची भीती वाटते आणि मला चेकिंगचा वीट आलाय. शेवटी त्यानं १६ तारखेची चाचणी दिली. पाच काडतुसं, त्यातली तीन तरी निशाण्यावर लागायला हवीत.

आता दस्त्याचं. सरावाला गेलेले तेव्हा बंदूक खांद्याला लागायच्या आधीच दस्ता काखेत अडकला. कशीबशी दंडावर टेकवून बार काढले, एकही लागला नाही. दंड जांभळा झाला. शेजारच्या शालनमावशींनी विचारलं, कुणाशी मारामारी केलीस? मी म्हटलं, आबांशी, अजून चालू आहे.

मग परवाना असलेल्या कारागिराकडे गेले. ब्लाउजचं माप घ्यावं तसं त्यानं कोपरापासून बोटापर्यंत टेप लावून मोजलं आणि दस्ता दोन बोटं जास्त आहे म्हणाला. नळीला हात लावणं गुन्हा आहे, ते तो करणार नाही आणि मीही करू देणार नाही. पण दस्ता लाकडाचा आहे, तो माणसाच्या मापाचा करता येतो.

मी तो करून घेतला, आबा. विचारत नाहीये, कळवतेय. मागे रबरी गादी बसवली, खांद्याचा पट्टाही आखूड केला. कापलेला तुकडा या पार्सलात आहे. त्यावर तुमचं नाव आहे, ते टाकून द्यायला हात होईना. पण तेवढ्यासाठी मी नापास होणार नाही. परवान्यावर आता माझं नाव आहे आणि दुखणारा दंडही माझाच आहे.

रागावा, पण रागाच्या भरात गोळ्या घ्यायला विसरू नका.

तुमची,
वैशाली


डोंबिवली
१३ फेब्रुवारी २०२५

वैशाली,

तुकडा मिळाला. आशीर्वाद लिहायला विसरलेलो नाही. लिहिलेले नाहीत.

आबा


वर्तकनगर, ठाणे
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना सविनय जयभीम. वि. वि.

पाचातले चार लागले. राकेशनं निशाण्याजवळ जाऊन दोनदा मोजले, मग दुसऱ्या माणसाला पाठवून पुन्हा मोजून घेतले. चारच भरले. लेडीज चेकिंगचं पालुपद संपलं, तर नवं सुरू झालं. म्हणाला, ऑफिसात बसायचं काम देतो, एसी आहे. मी म्हटलं, मला बँकेचं दार हवं आणि तिथलं स्टूल हवं. एक मार्चपासून ठाण्यातल्याच एका शाखेत पोस्टिंग आहे. जनरेटर कुठे आहे ते मी आधी विचारलं. मागच्या बाजूला आहे.

तुमचं दोन ओळींचं पत्र चाचणीच्या आदल्या दिवशी आलं. वाचून रडले. लपवत नाही. आशीर्वादाशिवाय चार लागले, पण पाचवा चुकला तो तुमच्यामुळेच, असं मी सगळ्यांना सांगणार आहे.

दस्ता आता बरोबर खांद्यात बसतो. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तुम्ही आणखी दहा पत्रं लिहिलीत तरी होणार नाही.

लोभ कापलेला नसेल अशी आशा आहे.

वैशाली


डोंबिवली
२३ फेब्रुवारी २०२५

चि. गनमन वैशाली सहदेव हिस आबाचे आशीर्वाद, मागच्या पत्रातले राहिलेले धरून दुप्पट, व जयभीम. वि. वि.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आपल्या गावात एकच बंदूक होती, वरच्या आळीतल्या एका घरी. त्या घरचा माणूस ती ओट्यावर बसून पुसायचा, आणि पुसताना नळी आपल्या वस्तीकडे असायची. बार कधी काढला नाही. माझा बाप तिथून जाताना मान खाली घालायचा, तेवढ्यानं त्या बंदूकवाल्याचं काम भागायचं. गनमनची नोकरी मिळणार म्हटल्यावर पहिली ही एकनळी घेतली. दुकानदार भला माणूस होता. त्यानं तेव्हाच सांगितलं की तुमचे हात आखूड आहेत, दोन बोटं काढून देतो. मी भडकलो. त्यांना पूर्ण आणि आम्हाला कापलेली? एक सूत काढू दिलं नाही.

मग सत्तावीस वर्षं ती माझ्याही काखेत अडकत राहिली. चाचणीच्या दिवशी तुझी आई सदऱ्याच्या आत दंडाला टॉवेल बांधायची, आणि संध्याकाळी तिथेच हळद लावायची. बिचारी कुणाला बोलली नाही. दर वर्षी पाचातले जेमतेम तीन लागायचे. मला कधी चार जमले नाहीत, पोरी.

मी त्यांच्या मापाची बंदूक घेऊन मिरवत होतो. तू ती आपल्या मापाची केलीस, तेही माझ्याशी भांडून. चुकलं माझं.

तुकडा उशाशी ठेवलाय. रत्नदीप बिचकला, सोसायटीत काय सांगू म्हणाला. मी म्हटलं, सांग, बापाचं नाव आहे, त्याला परवाना लागत नाही. एक तारखेला मी बँकेत येईन. मला रांगेत उभं कर आणि पिशवी उघडून बघ. ओळख दाखवू नकोस.

सोबत कागदात गुंडाळून खिळा पाठवतोय, १९९१चाच. रबरी गादीलगतचं लाकूड कोरं ठेवू नकोस. गॅसवर लाल होऊ दे, पकडीत घट्ट धर आणि एका दमात ओढ, थांबलीस की लाकूड जळतं. माझं नाव पुन्हा घालू नकोस. तुझं घाल, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला वाचता येईल एवढं मोठं घाल.

लोभ पूर्ण आहे, एक सूतही कमी नाही.

तुझा,
आबा