आतलं माप

५ मार्च, अंबाला छावणी
नैरोबीच्या कॉलेजला जाणारं मायक्रोस्कोप पॅक करायला माझ्याकडे आलं. कारखान्याचे मालक लालाजी म्हणाले, धीमान, हे धड पोहोचलं तर हेड पॅकर तू, नाहीतर तुझा जोडीदार जसमेर. म्हणजे मीच. बिमलाला सांगून टाकलं. तिने माहेरीही कळवलं.

७ मार्च
खोक्यात खोकं, त्याच्या बाहेर लाकडी पेटी. मधे फोम, थर्माकोल, पुन्हा फोम. मायक्रोस्कोप नऊ किलोचं, पेटी एकशे दहा. जसमेरने विचारलं, आत हत्ती आहे का? जळतो मेला.
सगळ्या स्क्रूंच्या खाचा घासून टाकल्या. चोराची काय बिशाद!

९ मार्च
पॅकिंगच्या खोलीचं दार छत्तीस इंच, पेटी चौतीस. जसमेर म्हणाला, बाहेरून मोज. याला धंदा कळत नाही. पॅकरने वस्तूच्या बाजूने विचार करायचा, आतून मोजायचं. वीस वर्षं मी हेच करतोय.

१० मार्च, सकाळी ११
ट्रक पाचला येणार. मी आतून पेटी ढकलली, जसमेरने बाहेरून दोरीने ओढली. दाराच्या चौकटीत अडकली. जुनी चौकट आहे, आकसली असणार.

१२.३०
पेटी पुढेही जात नाही, मागेही येत नाही. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज. मी आत, सगळे बाहेर. स्क्रू काढायला गेलो तर खाचाच नाहीत. पॅकिंग उत्तम झालंय, यात शंका नाही.

२.००
बिमला आली. पराठ्याची सुरळी करून गजांतून दिली. म्हणाली, हेड पॅकरना रात्रीचं जेवणही इथेच आणू का? माहेरी काय सांगायचं, हेही विचारलं.

४.१०
लालाजी स्वतः आले. आवाज चढवला नाही, तेव्हाच मी टेप खिशात टाकली. म्हणाले, "धीमान, आम्ही वस्तू काढून घेतोय. तू मधे पडू नकोस."
जसमेरने पेटीला बाहेरून बारा इंचांचं भोक पाडलं, फोम उपसला आणि मायक्रोस्कोप ओढून घेतलं. साधा ओरखडाही नव्हता. मी आतून सगळ्यांना ते तीनदा सांगितलं.

५.१५
जसमेरने ते कारखान्याच्या नेहमीच्या खोक्यात भरलं. दहा मिनिटं लागली. ट्रक गेला. लालाजी त्याला हेड पॅकर म्हणाले, मला भिंतीआडून ऐकू आलं. फार लाज वाटली.

५.४०
माझ्या बाजूच्या फळीलाही तेवढंच भोक पाडलंय. त्यातून बाहेर ये म्हणतात. डोकं गेलं, खांदे अडकले. मागे सरकलो. करवतीचं पातं तुटलंय, नवं उद्या येईल.
जसमेर भोकातून डोकावला, म्हणाला, "कंबर किती रे तुझी?"
मी म्हणालो, चौतीस.
"आतून की बाहेरून?"
पलीकडे बिमलाही हसली. टेप माझ्या खिशातच आहे. मोजून पाहिलं नाही.