लेंड्या पडल्याशिवाय ताबा नाही

आबा, आज दुपारी एक नवरा-बायको माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि तुमची फार आठवण आली. मंचरला एका पतसंस्थेत मी घरकर्जाचे कागद बघते, हे तुम्हाला ठाऊक नाही. ही नोकरी लागली ती तुम्ही गेल्यावर. ती दोघं बेल्ह्याकडची, नारायणगावात फ्लॅट घेताहेत. बिल्डरने कागदावर लिहिलेली जागा आणि प्रत्यक्ष पाय ठेवायला मिळणारी जागा यात एवढा फरक का, म्हणून नवरा तापला होता. "ताई, ह्यो फसवतोय का आमाला?" मी म्हटलं, भाऊ, मेंढ्या कोंडायची वाघर बघितलीय ना? जाळीच्या आत मेंढ्या बसतात तेवढी जागा म्हणजे कार्पेट. जाळी आणि मेखा जेवढी जागा खातात ती धरली की बिल्ट-अप. आणि घोडा बांधायची, कुत्र्याने बसायची, येण्याजाण्याची जागा सगळ्या बिऱ्हाडांत वाटून तुमच्या अंगावर घातली की झालं सुपर बिल्ट-अप. तापलेला माणूस हसायला लागला. बायको म्हणाली, "म्हंजी कुत्र्याच्या जागंचंबी पैसं आमीच भरायचं?" होय म्हटलं. आमच्या साहेबांना वाघर काय ते कळलं नाही, पण गिऱ्हाईक हसलं म्हणून ते खूश.

असं मी सगळ्यांना समजावून सांगते. पण मला हे शब्द कुणी शिकवले नाहीत आबा. तुमच्या पाठीशी घोडेगावच्या कचेरीच्या आवारात उन्हात उभं राहून ते एकेक करून माझ्या अंगावर आले. तेव्हा मी दहावीला होते. आपलं बिऱ्हाड घोड्यावर. दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी घाट चढून परत यायचं, आणि महाळुंगे पडवळच्या शिवारात एकेकाच्या रानात मेंढ्या बसवायच्या. लेंडीने रान सुधारतं, शेतकरी त्याबद्दल धान्य देतो, एवढा आपला संसार. मला शाळेसाठी तुम्ही पिंपरी पेंढारला मावशीकडे ठेवलं होतं. त्या वर्षी मावशीच्या थोरल्याचं लग्न ठरलं, आणि घरात जागा नाही, पोरीला घेऊन जा, असा निरोप आला. म्हणजे शाळा संपली. आता मेंढ्या, नाहीतर लग्न. मी रडून रडून डोळे सुजवले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "आपली जागा असली म्हंजी कुनी पोरीला ऊठ म्हननार न्हाई."

ज्यांच्या रानात आपण वर्षानुवर्षं बसायचो त्या तात्यांनी रस्त्याकडेचा एक पट्टा द्यायचं कबूल केलं. झाडाखाली चार माणसांसमोर नारळ फुटला, तुम्ही विसार दिला आणि त्यावर एक गाभण मेंढीही देऊन टाकलीत, कारण नुसत्या नोटांनी व्यवहार झाल्यासारखा वाटेना. विसार म्हणजे नुसता शब्द बांधून घेणं. जागा अजून तात्यांचीच होती. पण हे तुम्हाला कोण सांगणार? दुसऱ्याच दिवशी तुम्ही त्या पट्ट्यावर वाघर लावलीत आणि धान्य न घेता मेंढ्या बसवल्यात. आपलीच जागा, मग आपल्या जागेला खत नको? तात्या सायकलवरून उतरून बघतच राहिले. "आरं, घर बांधायचंय का घर पेरायचंय तुला?" तुम्ही भारी खुशीत होतात. "तात्या, भुकेल्या मातीवर घर बांधू नये," म्हणालात. पाऊस पडल्यावर तिथं कमरेएवढं गवत आलं आणि गावभर हसं झालं.

मग घोडेगाव. दस्त लिहिणाऱ्याने चष्म्यावरून तुमच्याकडे पाहिलं, तुमचा फेटा, तुमची घोंगडी, आणि विचारलं, "शेतकरी आहात का? तुमच्या नावावर सातबारा आहे कुठं?" तुम्ही नाही म्हणालात. त्याने कागद बाजूला सारला. ही शेतजमीन आहे, शेतकऱ्यालाच घेता येते, आणि एवढासा तुकडा तर शेतकऱ्यालाही तोडून मिळत नाही. त्याचं चुकलं नव्हतं. मी आज त्याच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं. पण तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही सावकाश म्हणालात, "आमच्या मेंढ्या बसल्याबिगार ह्या शिवारात कांदा फुगत न्हाई, अन् आमी शेतकरी न्हाई?" कचेरीत कुणी हसलं नाही. दस्त लिहिणाऱ्याने तुम्हाला पाणी दिलं. तुम्ही ते न पिता बाहेर आलात आणि थेट एस.टी. स्टँडकडे चालू लागलात.

घरी येऊन, म्हणजे पालावर येऊन, तुम्ही आईला सामान बांधायला सांगितलंत. "नगं, जागाबी नगं अन् गावबी नगं." तुमचा राग असाच, आला की थेट घोड्यावर चढायचा. आईने भांडी गोळा केली. मीही माझी पुस्तकं पोत्यात भरली, आणि सांगते आबा, त्या क्षणी मला तुमचा राग आला होता. मोठी माणसं रुसतात आणि शाळा लहानांची जाते. तेवढ्यात तात्या आले. विसार परत करायला आले असणार असं वाटलं. ते मेखेशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "पैसं दिऊ शकतो तुजं. मेंढीबी दीन. पन लेंडी कशी उचलून दिऊ?" मग म्हणाले, "गावठानात माजा मोडका गोठा हाय. त्यो घे. तितं कुनी सातबारा इचारत न्हाई."

गावठाण म्हणजे गावाची राहायची जागा. ती घ्यायला शेतकरी असावं लागत नाही. एवढं साधं होतं. आपण रस्त्याकडेचं रान बघत बसलो आणि घर गावातच होतं. आधी साठेखत झालं, म्हणजे विकायचा करार, तो ऐकून तुम्ही मला विचारलंत, "झालं का आता आपलं?" मी म्हटलं, अजून नाही, खरेदीखत झालं की आपलं. पोळलेला माणूस, त्या वेळी तुम्ही वाघर काढली नाहीत. खरेदीखताच्या दिवशी जागेच्या चारी बाजू मोठ्याने वाचायचं काम तुम्ही मलाच दिलंत. पूर्वेस गल्ली, म्हटलं की तुम्ही पूर्वेला तोंड केलंत. दक्षिणेस वाणी यांचे घर, तुम्ही दक्षिणेला वळलात. कारकून म्हणाला, बाबा, इथं नका फिरू, जागा तिकडं गावात आहे. "मी तितंच उभा हाय," तुम्ही म्हणालात. आणि त्या संध्याकाळी, कागदावर ताबा दिल्याचं लिहिलेलं असूनही, तुम्ही भर गावात वाघर लावून मेंढ्यांचं सगळं खांड त्या मोडक्या गोठ्यात कोंडलीत. शेजारपाजार वैतागला. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "लेंड्या पडल्याबिगार ताबा न्हाई." आजही कुणाला ताबा म्हणजे काय हे सांगताना मला तो मेंढ्यांचा वास येतो.

पत्र्याची एक खोली झाली. मी तिथं राहून शिकले, आणि माझ्यासोबत आई राहिली. याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. पोरीला घर मिळालं म्हणजे तुमची चूल तुटली. कोकणात तुम्ही स्वतः भाकरी थापायचात, आणि वर आलात की पाहुण्यासारखे दोन रात्री अंगणात झोपून रानात जायचात. आत झोपा म्हटलं तर म्हणायचात, पत्र्याखाली श्वास कोंडतो. घर तुमच्या नावावर होतं आणि त्यात राहत होतो आम्ही दोघी. माझं तुमच्यावर किती प्रेम होतं हे मी कधी तोंडाने म्हटलं नाही. आपल्यात म्हणत नाहीत. आता म्हणते. मग एके वर्षी खाली उतरलात, ताप आला, आणि तुमच्यासोबत असलेल्या काकांनी तिकडेच नदीकाठी तुम्हाला अग्नी दिला. वर आला तो घोडा आणि निरोप. मी तुम्हाला गेलेलं पाहिलंच नाही.

हे सगळं पतसंस्थेच्या कोऱ्या कागदावर लिहिते आहे. पाकीट आणलेलं नाही. एक तेवढं सांगायचं राहिलं. माणूस गेला की घराला वारसांची नावं लावून घ्यावी लागतात. टेबलापलीकडच्या प्रत्येकाला मी बजावते, आधी वारस लावा, मग पुढचं बोला. आपल्या घराला मी अजून वारस लावलेला नाही. आई आणि मी, दोघींच्या सह्यांचं काम, अर्ध्या दिवसाचं. आईही विषय काढत नाही. घरपट्टी तुमच्याच नावाने येते. पंचायतीत नवा शिपाई आलाय, बाहेरगावचा. तो दारात उभा राहून तुमचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट खणखणीत वाचतो, आणि मी मुद्दाम थोडा वेळ आतच थांबते. परवा त्याने विचारलं, "हायेत का घरात?"

मी म्हटलं, "मेंढ्यांमागं गेल्यात. येतील."