मागची खोली आणि फुकट शिपिंग

रविवार, २ मार्च

आजपासून रोजनिशी. धंद्यात उतरणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात.

कारण असं की महिनाअखेरीस आई आमच्याकडे कायमची राहायला येतेय. दादाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. थंडी सुरू झाल्यापासून ती खाली उतरलेली नाही. गॅलरीतून रस्ता बघते. आम्ही तळमजल्यावर. दाराबाहेर पाऊल टाकलं की फुटपाथ, पलीकडे बाग, बागेत बाकं. मागची खोली तिला द्यायची. ३० तारखेला दादा आणून सोडणार.

अडचण एकच. मागच्या खोलीत अण्णांचं दुकान आहे. म्हणजे अण्णा, माझे वडील, गेल्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हा उरलेली सगळी घड्याळं. भिंतीवरची, टेबलावरची, गजराची, शिवाय नुसत्या काट्यांचे डबे. ही म्हणाली, भंगारवाल्याला बोलवा, एका दुपारचं काम आहे. मी हसलो. भंगारवाला किलोवर घेतो. तिकडे ऑनलाइन लिलावात याच वस्तूंसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. खोली रिकामी होईल आणि वर कमाई होईल. बायकोला हा हिशेब समजावण्यात अर्थ नाही.

साइटवर खातं उघडलं. नाव घेतलं ‘समयसम्राट’.

मंगळवार, ४ मार्च

पहिलं घड्याळ लिलावाला टाकलं. भिंतीवरचं, लंबकवालं. फोटो काढायला वेळ लागला नाही, वर्णनाला संध्याकाळ गेली. ‘या लंबकाने किती पिढ्यांचे श्वास मोजले असतील’ असं एक वाक्य आलंय. जेवताना हिला वाचून दाखवलं. हिने विचारलं, चालतं का ते? म्हटलं, तो मुद्दा नाही.

गुरुवार, ६ मार्च, दुपार

चार बोली. ऑफिसात मन लागत नाही. दिवसभर लोकांची बिलं तपासायची आणि दर दहा मिनिटांनी फोन बघायचा. कंपनीच्या पंपांच्या वाहतूक बिलात आकडा चुकलेला माझ्या नजरेतून कधी सुटत नाही, पण आज एक सुटला. साहेबांनी पकडला. त्यांना म्हटलं, डोळे तपासून घेतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

विकलं गेलं. गिऱ्हाईक देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. शिपिंग किती लावायचं त्यासाठी वजन हवं. घड्याळ कवटाळून बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभा राहिलो, मग नुसता उभा राहिलो, वजाबाकी केली. पद्धत शास्त्रीय आहे. फक्त काटा मी कुठल्या पायावर भार देतो त्यावर दोन किलो मागेपुढे होतो. सरासरी काढली. गिऱ्हाइकाला आकडा कळवून टाकला.

शनिवार, ८ मार्च

पॅकिंगमध्ये कसूर नको म्हणून शेजाऱ्यांकडून टीव्हीचा खोका आणला. आत उशी, वर्तमानपत्रं, हिची एक जुनी चादर. कुरिअरच्या दुकानाची दोन्ही दारं उघडून खोका आडवा करून आत न्यावा लागला.

काउंटरवरच्या बाईंनी काट्यावर ठेवलाच नाही. टेप काढली. लांबी, रुंदी, उंची. म्हणाल्या, वजनापेक्षा आकार मोठा असला की आकाराचा दर लागतो. मी म्हटलं, बाई, आत निम्मी हवाच आहे. त्या म्हणाल्या, हवेचेच पैसे सांगतेय.

शिपिंग घड्याळाच्या किमतीच्या वर गेलं. गिऱ्हाइकाला कमी आकडा कळवून बसलो होतो, उरलेले खिशातून भरले. ही सुरुवातीची गुंतवणूक समजायची. चादर आणि उशी गेली हे हिला अजून माहीत नाही.

बुधवार, १२ मार्च

घड्याळ पोचलंय असं साइट म्हणते. फीडबॅक नाही.

मीही त्याला दिलेला नाही. आधी मी चांगला दिला आणि नंतर त्याने वाईट दिला तर माझ्या हातात काय राहिलं? तो बहुधा हाच विचार करत असणार. दोन सुसंस्कृत माणसं दारात अडून ‘आधी तुम्ही’ म्हणत उभी राहतात तसं चाललंय. मी धीर सोडणार नाही.

आईचा फोन आला होता. आज काय विकलं म्हणून विचारत होती. मागच्या खोलीच्या खिडकीतून बाग दिसते का, हेही विचारलं. दिसते म्हटलं. सध्या खिडकीपर्यंत पोचता येत नाही, पण दिसते.

शनिवार, १५ मार्च

त्याने धीर सोडला. पाचपैकी दोन तारे. ‘घड्याळ ठीक. शिपिंग म्हणजे दरोडा. विक्रेता फार बोलतो.’

ज्या शिपिंगचे निम्मे पैसे मी भरले त्याला दरोडा. डोकं सणकलं. उत्तर लिहायला बसलो तर साइट दोनच ओळी देते. माझं उत्तर पानभर झालं होतं. शेवटी पहिल्या दोन ओळी टाकल्या, त्यात नुसता मायना आणि ‘प्रथम आपले आभार’ एवढंच मावलं. आता जगाला वाटतंय की मी त्याचे आभार मानले.

निश्चय: यापुढे शिपिंग फुकट. ज्या गोष्टीवरून तक्रार होते ती गोष्टच काढून टाकायची. माझ्या जागी दुसरा असता तर खचला असता.

सोमवार, १७ मार्च

फुकट शिपिंग लिहिल्याबरोबर माणसं तुटून पडली. तीन घड्याळं गेली. तिघंही लांब राहतात. जवळच्या माणसांना घड्याळं नकोच असतात असं दिसतं.

आता धंदा वाढणार म्हणून बबल रॅपचा मोठा रोल मागवला. खोक्यांची एक चळतही मागवली. शिवाय घड्याळांच्या सुट्या भागांनी भरलेली एक पेटी लिलावात स्वस्तात मिळाली. तिची गरज होती असं नाही, पण शिपिंग फुकट होतं. समोरचा माणूस आपला तोटा करून घेत असताना ती संधी सोडणं वेडेपणा आहे.

सगळं मागच्या खोलीत ठेवलं. ही दारात उभी राहून म्हणाली, मला वाटलं आपण खोलीतून सामान काढतोय. गोदामाची रिकामं होण्याआधी एक भरलेली अवस्था असते, ती तिला कळत नाही.

गुरुवार, २० मार्च

दुपारी ऑफिसात कुरिअरच्या बाईंचा फोन. आवाज चढलेला. माझं पार्सल त्यांच्या गाडीत किंचाळायला लागलं होतं.

झालं ते असं. गजराचं घड्याळ उत्तम चालतं हे गिऱ्हाइकाला उघडताक्षणी कळावं म्हणून मी चावी भरून पाठवलं. गजराची वेगळी चावी असते, तीही भरली. ड्रायव्हरने गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि तो लांब जाऊन उभा राहिला. मग दोघातिघांनी खोका उघडला. उघडताना काच गेली. बाई म्हणाल्या, यापुढे तुमचं पार्सल आमच्यासमोर कान लावून ऐकल्याशिवाय घेणार नाही.

अण्णा दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात वाजवून द्यायचे. मीही तेच केलं. काळ बदललाय, दुसरं काही नाही.

एक तारा आला.

शनिवार, २२ मार्च

आणखी एक घड्याळ विकलं गेलं होतं, ते न्यायला आज याच गावातले एक सद्गृहस्थ जातीने आले. मला वाटलं, चला, शिपिंग वाचलं. बसवलं, चहा दिला, अण्णांच्या दुकानाच्या गोष्टी सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, साइटवर शिपिंग फुकट लिहिलंय, म्हणजे तो खर्च तुम्ही करणार होता. तुमच्या वतीने घड्याळ मी नेतोय. तेव्हा तेवढे पैसे कमी करा.

मी बराच वेळ विचार केला. चूक सापडेना. आयुष्यभर बिलं तपासली, पण असं बिनतोड बिल पाहिलं नव्हतं. पैसे कमी केले. उठताना त्यांनी बसभाडं मागितलं, ते मात्र मी ठामपणे अर्धंच दिलं.

संध्याकाळी त्यांचा फीडबॅक. तीन तारे. ‘वस्तू घरी पोचायला उशीर झाला.’

मंगळवार, २५ मार्च

तिघांनाही माझ्याकडून चोख फीडबॅक दिला. पहिल्याला ‘अरसिक’, गजरवाल्याला ‘घाबरट’, चहा पिऊन गेलेल्याला फक्त ‘चहा’. तासाभरात साइटची ताकीद आली. अशी भाषा चालणार नाही. पुढे एकही तक्रार आली किंवा चालू लिलाव रद्द केला तर खातं बंद.

दुपारी दारात टीव्हीचा खोका. दोन तारेवाल्याने पहिलं घड्याळ परत पाठवलंय. परतीचं शिपिंग माझ्याकडून. आत हिची चादर आहे. उशी नाही.

हिने खोलीचं दार ढकललं, ते अर्ध्यावर अडलं. ही म्हणाली, महिन्याच्या सुरुवातीला हे दार पूर्ण उघडत होतं. म्हटलं, अजून पाच दिवस आहेत. उरलेला सगळा माल शेवटच्या एका महालिलावात काढतोय. बोली ३० तारखेला बंद. आई यायच्या आत सगळं विकलेलं असेल. फक्त पाठवायचं राहील.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी हिने मला न विचारता भंगारवाल्याला बोलावलं. बरोबर दोन माणसं आणि हातगाडी. मी ऑफिसला निघालो होतो, दारात गाठ पडली. तो म्हणाला, साहेब, दुपारपर्यंत खोली झाडून देतो.

परत पाठवला. पर्याय नव्हता. लिलाव चालू आहे, सतरा माणसं बघतायत, एक घड्याळही काढलं तर खातं जातं. हिला हे सगळं नीट सांगितलं. हिने आत जाऊन आईसाठी आणलेली नवी बेडशीट कपाटात ठेवली. ही बोलते तेव्हा बरं असतं.

मला राग आला होता. कुणाचा राग ते ठरत नव्हतं. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

शनिवार, २९ मार्च

उद्याचा कार्यक्रम: सकाळी लवकर उठणे. सगळी घड्याळं हॉलमध्ये. खोली झाडणे, पुसणे. पलंग लावणे. अकराला आई. दुपारी बोली बंद. सोमवारी कुरिअर. सोपं आहे.

रविवार, ३० मार्च

सहाला उठलो. हॉलमध्ये निम्मी घड्याळं आणल्यावर हॉल भरला. मग आईला यायला वाट हवी म्हणून वाटेपुरती परत आत नेली. सुट्या भागांची पेटी दोघांनाही हलेना.

आई अकराला आली. दादाच्या खांद्यावर हात ठेवून, नवी साडी, केस नीट बांधलेले. चार मजले उतरायला तिला पाऊण तास लागला म्हणे. बागेकडे बघून फुटपाथवर जराशी थांबली. हातात कपड्यांची पिशवी होती, ती दादाला धरू देत नव्हती.

खोलीचं दार उघडेल तेवढं उघडून तिने आत पाहिलं. दादा मागे उभा होता. मी सांगायला लागलो की आज दुपारी बोली बंद होतेय, मग आठवड्याभरात. दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही, ते जास्त लागलं. ही म्हणाली, आई, तुम्ही आमच्या खोलीत झोपा, आम्ही हॉलमध्ये झोपू. हॉलमध्ये कुठे, ते आम्ही चौघांनीही पाहिलं.

आई म्हणाली, “राहू दे. तुझा धंदा आता कुठे धरतोय. मला काय, वरही वारा येतो.”

जेवली. हिचं कौतुक केलं. बागेत जाऊ म्हटलं तर म्हणाली, नको, परत चढायचंय, गुडघे वाचवते. दादा मला म्हणाला, खोली झाली की कळव, मग बघू तिला पुन्हा उतरवता येतंय का.

तिला पोचवायला मीही गेलो; दादाचा जिना चढताना मी तिचा दंड धरला होता. किती हलकी झालीय, ते मला माहीत नव्हतं. ती प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसायची. दादा पिशवी घेऊन पुढे गेला होता. तिसऱ्या मजल्यावर ती बसलेली असताना माझ्या खिशात फोन वाजला. मी खिशात हात घातला नाही. मला रडू येत होतं आणि तिला ते दिसू नये म्हणून मी कठड्याकडे तोंड करून उभा होतो.

तिने विचारलं, कोणाचा रे?

म्हटलं, कोणाचा नाही.

“गिऱ्हाईक असेल,” ती म्हणाली. “बघून घे आधी. मी बसलेय.”

मी बघितलं.