दादाचं माप आणि रस्त्यावरचे दगड

३ जानेवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

तुझा डावा कान कसा आहे? उजव्याची चौकशी करत नाही, त्याने तुझी साथ सोडून बरीच वर्षं झाली. वहिनीचा गुडघा तिला जिना चढू देतो का? नातीचा पुढचा दात आला, की अजून ती फटीतून शिट्ट्याच वाजवते? तुझ्या जिभेची तब्येत विचारत नाही, तिला कधीच काही होत नाही. इकडे मी, लेक आणि सूनबाई तिघंही ठीक. म्हणजे कालपर्यंत होतो. काल जेवताना मी जाहीर केलं, की यंदा तुझ्याकडे मी सायकलवर येणार. एकटी. साडेसहाशे किलोमीटर, अकरा दिवस.

लेकाचा घास हातातच राहिला. सूनबाईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. दादा, तुमचा उंबरठा पाहून तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी लेकाला रजा नव्हती, दुसऱ्या वर्षी गाडी बिघडली, तिसऱ्या वर्षी दोन्ही. मी काय पार्सल आहे, कुणी उचलून नेईपर्यंत कोपऱ्यात पडून राहायला? इस्पितळाच्या शिवणखोलीत बत्तीस वर्षं मशीनचं पायडल मारलं आणि एक बोटभरही पुढे गेले नाही. आता तेच पाय मला जरा पुढे नेणार असतील, तर कुणाचं काय बिघडतं?

शेवटी लेकाने अट घातली. सामानासकट, सलग तीन दिवस, रोज साठ किलोमीटर. जमलं तर तो चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं तर सायकलचा विषय कायमचा बंद. आणि मोजायचं तुझ्या यंत्राने. वजनमापं खात्यात तू जन्म काढलास. आपल्या घरात एक वेळ सूर्य चुकेल, पण दादाचं माप चुकणार नाही, हे त्यालाही मान्य आहे. तेव्हा तुझ्या सायकलवरचं ते अंतर मोजायचं यंत्र पाठव. सायकल तू भिंतीवर टांगून ठेवलीस. तिथे ते बिचारं काय मोजणार, पोपडे?

फोन करू नकोस. तुला ऐकू येत नाही आणि मला गप्प बसवत नाही.

लोभ वाढवला नाहीस तरी चालेल, पण नेहमीच्या मापाने द्यावा.

तुझी धाकटी,
भिंगरी

११ जानेवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीने मला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, त्यामुळे आता सगळ्या आळीला तुझा बेत ठाऊक झाला आहे. कान आहे तसाच. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यापेक्षा कमी. नातीचा दात आला आणि लगेच ती मला चावली.

तुझं अभिनंदन. एकसष्टाव्या वर्षी लोक गुडघे बदलतात, तू गिअर बदलणार. सायकल तुला मीच शिकवली, तेव्हा पाप माझंच. मी सीट धरून मागे पळायचो आणि तू पुढे बसून मला नीट पळायला सांगायचीस. चालवायला एका दिवसात शिकलीस. थांबायचं कसं, ते अजून बाकी आहे.

पत्राला जोडलेली सामानाची यादी पाहिली. तंबू, चूल, रेनकोट, दोन जोड कपडे, औषधं, पंक्चरचं सामान आणि शिवणाचा डबा. इस्त्री दिसली नाही, बरं वाटलं. डावी आणि उजवी पिशवी सारख्या वजनाची हवी, नाहीतर उतारावर हँडल तुझ्या मनाप्रमाणे न जाता पिशवीच्या मनाप्रमाणे जाईल. स्वयंपाकघरातल्या तराजूवर तोल आणि भाजीवाल्यासारखा काटा बोटाने दाबू नकोस.

यंत्र सोबत पाठवतो. आपल्या दोघांच्या सायकली एकाच मापाच्या. चाकाचा घेर मी माझ्या हाताने त्यात भरला आहे आणि बटणांवरून तार ओवून शिशाचं सील दाबलं आहे. सील तुटलं तर चाचणी बाद, असं लेकालाही सांग.

तुझ्यावर लोभ आहे, बेतावर नाही.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

डावी पिशवी नऊ किलो, उजवी नऊ किलो. बोट लावलं नाही. पिशव्या मीच ताडपत्रीच्या शिवल्या, दुहेरी टीप घालून. सूनबाई म्हणाली, यात माणूस भरला तरी उसवायच्या नाहीत, आणि मग लेकाकडे पाहून हसली. सरावाला आत चादरीत गुंडाळलेल्या विटा घातल्या. पहिल्याच दिवशी इस्पितळाच्या फाटकासमोर आडवी झाले. ओळखीच्या परिचारिका धावत आल्या. त्यांना वाटलं, निवृत्त झाले तरी माझी खोड गेली नाही, कामावरच आले. पंक्चर आता चोवीस मिनिटांत काढते. सायकलवाला आधी मला पाहून हसायचा, आता घट्ट टायर बसवायला हाक मारतो. समोरून वारा आला की मान खाली आणि तोंड बंद ठेवायचं, हेही कळलं. मान जमली.

इकडचं तिकडचं सांगून झालं, आता खरं सांगते. मागच्या आठवड्यात चाचणी दिली. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस, दुसऱ्या दिवशी एकोणपन्नास, तिसऱ्या दिवशी सत्तेचाळीस. जीव काढला तरी तुझं यंत्र पुढे सरकेना. तिसऱ्या दिवशी उतरले तेव्हा पायरीही चढवेना. लेकाने सायकल आत नेली आणि हळूच म्हणाला, की पुढच्या सुट्टीत तो मला गाडीने नक्की सोडेल. दादा, तो ओरडला असता तर बरं झालं असतं. सूनबाईने माझी बाजू घेतली म्हणून मार्चमध्ये एक संधी आणखी मिळाली आहे. शेवटची.

आणि इथल्या रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड! ज्याने रोवले त्याचे डोळे तपासायला हवेत. दगड म्हणतात साठ झाले, तुझं यंत्र म्हणतं अठ्ठेचाळीस. मी रस्त्याच्या खात्याला अर्ज ठोकला आहे, की तुमचे दगड खोटे आहेत आणि माझ्याकडे सीलबंद पुरावा आहे. तुझा उल्लेख पदासकट केला आहे.

लोभ असू दे, सध्या त्याचीच गरज आहे.

तुझी,
भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

तो अर्ज आधी मागे घे. सरकारी माणसांना कामं असतात. निदान असल्याचं दाखवावं तरी लागतं. दगड म्हटला की थोडा इकडे-तिकडे व्हायचाच, उगाच दगडांच्या नादी लागू नये.

सत्तेचाळीस काही कमी नाहीत. मी शेवटचा चार किलोमीटर गेलो होतो आणि येताना टेम्पोत सायकल घालून आलो. तू जे केलंस त्याचा सगळ्या आळीला अभिमान आहे, वहिनीने ओरडून सांगितलंच आहे. आता पुरे. गाडीने ये. खिडकीशी बस, वारा खा, तोंड उघडं ठेव. पार्सल म्हणून नको, पाहुणी म्हणून ये.

वहिनी म्हणते, मला बरं वाटत नसावं. तुझं पत्र आल्यापासून मी भाजीत मीठ कमी असल्याचं एकदाही बोललो नाही. तसं काही नाही, हवा बदलली आहे.

लोभ आहेच, तो मापत बसू नये.

तुझा,
दादा

१९ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि.

अर्ज मागे घ्यायला उशीर झाला. खात्याचा अभियंता स्वतः आला, सोबत मोजणीची साखळी धरणारी दोन माणसं. चार दगडांमधली अंतरं त्यांनी भर उन्हात मोजली. वीतभरही फरक नाही. साहेब फार सभ्य, त्याने फक्त विचारलं, की बाईंचा सीलबंद पुरावा कुठे आहे.

मी गळ्यातली शिवणाची टेप काढली आणि चाकाला गुंडाळली, घेर बरोबर होता. मग एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत सायकल हाताने ढकलत नेली. रस्ता एक किलोमीटर, तुझं यंत्र आठशे मीटर. यंत्रात चाकाचा घेर कमी भरून दर किलोमीटरमागे दोनशे मीटर तू खाल्लेस, दादा. कुणा दुकानदाराने किलोला आठशे ग्रॅम दिले असते, तर त्याचा तराजू तू भर चौकात आणला असतास. म्हणजे फेब्रुवारीतच मी जवळजवळ साठाला पोचले होते आणि घरी येऊन मान खाली घालून जेवले. रस्त्याच्या कडेला बसून मी रडले. साहेबाने पाणी दिलं. त्याला वाटलं, दगड खरे निघाले म्हणून बाईंना वाईट वाटलं.

मला वाईट त्याचंच वाटलं. दगड खोटे म्हणायला मला क्षण लागला नव्हता. दादा खोटा, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

लेकाला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुझ्या मापावरचा त्याचा विश्वास मी कशाला मोडू? तुझ्याच यंत्रावर करून दाखवले: बासष्ट, साठ, एकसष्ट. दगडांना विचारशील तर रोज पंचाहत्तर आणि वर. लेकाने सील पाहिलं, आकडा पाहिला, खाली बसला आणि चेनला तेल घालायला लागला.

पाच एप्रिलला निघते. यंत्र आहे तसंच, सीलसकट लावून. खोटं माप धन्याच्या डोळ्यांदेखत हातोड्याने फोडायचं, हा तुमच्या खात्याचा नियम तूच आम्हाला रंगवून सांगायचास. यंत्र मी आणते, हातोडा तू काढून ठेव. एकच विचारते: का केलंस?

लोभ असावा, या वेळी किलोला पूर्ण किलो.

तुझी,
भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

पत्र वाचताना वहिनी आठशे मीटरपाशी थांबली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून मला चहा कपाच्या काठाखाली दोन बोटं येतो. विचारलं तर म्हणते, तुमच्या मापाने भरलेलाच आहे.

का केलं, विचारतेस. तुला जमणार नाही असं वाटलं म्हणून नाही. जमणार हे ठाऊक होतं, म्हणूनच माप मारलं. तू नऊ वर्षांची असताना एक दिवस मी तुला न सांगता सीट सोडली. तुला कळलंही नाही. तू वळणापलीकडे गेलीस आणि मी रिकामे हात घेऊन रस्त्यात उभा राहिलो. ते अर्धं मिनिट मला अजून पुरलं आहे, आणि आता तू अकरा दिवस म्हणतेस. इतक्या लांबून हात पोचेना, म्हणून यंत्रातून सीट धरून ठेवली.

छत्तीस वर्षांत कित्येक दुकानदार मला शपथेवर सांगायचे, की साहेब, गिऱ्हाइकाच्या भल्यासाठीच केलं. मी एकाचंही ऐकलं नाही. तूही माझं ऐकू नकोस.

लेकाला मी वेगळं पत्र घातलं आहे आणि सगळं लिहिलं आहे, फेब्रुवारीच्या आकड्यांसकट. तू झाकलंस हा तुझा मोठेपणा. पण खोट्या मापावर उभा असलेला विश्वास मला ठेवून घेता येत नाही. आता घरात दादाचं माप चालणार नाही, दगडांचं चालेल.

हातोडा काढला आहे. भिंतीवरची सायकलही उतरवली. टायर चिरफळले आहेत, पण ढकलता येते. तिला घेऊन रोज सकाळी गावाबाहेरच्या पहिल्या दगडापर्यंत चालत जातो. पंधरा तारखेला दुपारपासून त्याच दगडावर बसून असेन. तुझं यंत्र पाचशे वीस दाखवेल, रस्ता साडेसहाशे म्हणेल. तू रस्त्याचं ऐक.

पिशव्यांचं वजन पुन्हा एकदा बघ. वाऱ्यात तोंड बंद ठेव. आणि निघण्याआधी उत्तर पाठव, लगेच. दोन ओळी पुरेत: ब्रेक तपासला, आणि दादा, आता सीट सोड. तेवढं आलं की सोडतो.

तुझा,
दादा