थिनरचा वास

धाकट्या,

बाबांना दवाखान्यात नेतेय. घाबरू नकोस, जिना ते स्वतःच्या पायांनी उतरलेत. करोनाच आहे. थिनरचा वास येत नाही हे त्यांनी तीन दिवस लपवलं, आणि माहीत असून तूही तोंड शिवून बसलास. का, तर पॉलिशचं काम हातचं जाईल! दोघेही महामूर्ख. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसता वास गेलेल्यांचं बहुतेकदा निभावतं. सुरुवातीलाच धाप लागली असती तर जास्त काळजी होती. धाप नाहीये. तरी वय बघून बोलावलंय.

तू आत्ता थिनरची बाटली उघडून हुंग. वास आला नाही तर लगेच फोन कर. लपवलंस तर याद राख.

आणि त्या अर्धवट कपाटाला हात लावू नकोस. बाबांनी निघताना बजावलंय, शेवटचा हात तेच येऊन मारणार.

ताई