मोटारीला मान नसते

मिस्त्रीचाचा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि पत्र लिहायला मी आज बसलोय. माझा हा आळस तुम्हाला नवा नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दोन-तीन वर्षं आधी देवळालीच्या माळावर शर्यत होती. गोऱ्या साहेबांच्या चार मोटारी आणि आपल्या शेठची एक. मी शेठचा ड्रायव्हर, मोटार तयार केली तुम्ही. वजन कमी करायला टप, मागची सीट सगळं उतरवल्यावर मागची चाकं मातीत नुसती फिरायला लागली, म्हणून तुम्ही वाळूची दोन पोती माझ्या सीटच्या पाठीशी बांधलीत आणि चहाला गेलात. मी सायखेड्याचा, बैलगाडीवर वाढलेला. ओझं पुढे आलं की बैलाच्या मानेवर जू दाबतं, एवढंच मला ठाऊक. मी पोती सोडली आणि पार शेपटाला नेऊन बांधली. वर स्वतःवरच खूश!

मोटार सुटली ती झकास. पहिल्या वळणावर मी चक्र फिरवतो, पुढची चाकं वळतात, मोटार मात्र सरळच जाते. समोर बाभळ. मला खरचटण्यावर निभावलं, मोटारीचं नाक चेपलं.

शेठ लालेलाल होऊन आले. "पोती मागं कोणी बांधली?" माझं नाव निघालं असतं तर नोकरी गेली असती. मी कोपराची माती झटकत राहिलो. तुम्ही म्हणालात, "मीच शेठ. अंदाज चुकला." त्यानंतर शेठनी तुमच्याकडे एकही काम पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मला वाटलं, आता पाना डोक्यात बसतो. तुम्ही मला मोटारीच्या शेपटावर बसवलंत. पुढची बाजू जराशी वर आली. "देख, पुढचं चाक जमिनीला नुसतं टेकलंय. मग वळणार कशावर? मोटारला मान नाय रे बाबा, दुखायला. वजन असं ठेव, की चारी चाकं जमीन धरतील." एवढंच. पोत्यांचा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत.

पुढे तीस वर्षं मी घाटातून प्रवाशांची सर्व्हिस मोटार चालवली. टपावर कांद्याच्या गोणी चढायच्या, तेव्हा मी हमालांशी भांडून त्या बरोबर जागी लावून घ्यायचो. एकदाही गाडी रस्ता सोडून गेली नाही. चाचा, माझं घर तुमच्यामुळे उभं राहिलं, हे मी मनापासून लिहितोय.

हे पत्र टाकणार तरी कुठे? ते राहील माझ्याच पेटीत, म्हणून एक लिहून टाकतो. शर्यतीची गोष्ट मी स्टँडवर शंभरदा सांगितली, आणि दरवेळी पोती मागं बांधली ती तुम्हीच. लोक हसायचे, मीही हसायचो. माझ्या मुलाला अजून तेच खरं वाटतं.