पॅनेलवरचं रिकामं भोक

आबा, तुमच्याबद्दल माझा एक संशय आहे आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो फिटत नाही. तुर्भ्याच्या आपल्या गाळ्यात रंगाच्या कारखान्याचे शेठ आले होते, तो दिवस आठवतो. "टाकीचं सगळं आपोआप चाललं पाहिजे," एवढंच ते सांगतात. सगळं म्हणजे काय, ते त्यांनाही ठाऊक नाही. गाळा नवा, हे काम बिघडलं तर पुढचं कोण देणार? मी नववीतून शाळा सोडलेला, पण अक्षर आणि शुद्धलेखन चोख. म्हटलं, सगळं लिहून घेऊ, खाली सही घेऊ, नाहीतर उद्या हे शब्द फिरवतील. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सही कशावर घेतोस? आधी एका टाकीचं देऊ. चालवू दे त्यांना." एक पंप, एक ढवळणी, मोजकी बटणं. पॅनेलच्या पत्र्यात मात्र चार भोकं जास्तीची पाडलीत आणि त्यांवर झाकणं बसवलीत. मला वाटलं, काम लांबवायचा हा डाव आहे.

काही दिवसांनी आपण कारखान्यात जाऊन बघतो तर ढवळणीच्या बटणात काडेपेटीची काडी खोचलेली. दाबून धरलं तरच चालायचं ते बटण. मी मनात म्हटलं, यांनी मुद्दामच केलंय. कुणाचा हात आत गेला की नाव आपलं येणार. तळवलीचा ऑपरेटर हसत होता. "मिस्त्री, बटन दाबून हितंच उबा ऱ्हायलो तर टाकीतला रंग कोन बगनार? तुमचा पोरगा?" तुम्हीही हसलात. काडी उपसून माझ्या हातावर ठेवलीत. "घे. ही त्याची सही."

मग टाकीपाशी चालू-बंदची बटणं बसली, बंदचं लाल आणि चांगलं मोठं, आणि त्यांच्या तारांसाठी पॅनेलवरचं एक झाकण निघालं. पुढे दर खेपेला कारखान्यातले असंच काहीतरी करून ठेवायचे, तुम्ही बघत बसायचात, आणि आणखी एक झाकण निघायचं. तीन भोकं भरली. चौथं कशाला, विचारलं तर म्हणालात, "लागेल." त्यानंतर तुम्ही गेलात. ते अजून रिकामंच आहे. तुम्हाला खरंच पुढचं दिसत होतं, की माझ्याइतकेच तुम्हीही अंधारात होतात आणि नुसता चेहरा तसा ठेवत होतात?

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून हत्यारांच्या पेटीत ठेवतो. एवढंच सांगायचं होतं की आज वाशीच्या एका सोसायटीच्या पंपाच्या पॅनेलला मी दोन भोकं जास्तीची पाडली. सेक्रेटरीने डोळे बारीक करून विचारलं, "ही कशाला?"

"लागतील," मी म्हणालो. कशाला, ते मला ठाऊक नव्हतं.